स्वल्प काय?

उजव्या हाताचं बोट टेबलावर एकदा वाजलं की स्वल्पविराम. तळहात पडला की पूर्णविराम. नवख्याला वाटायचं, हे गृहस्थ कसल्या तरी भजनाला ताल देताहेत. प्रत्यक्षात त्यांच्यापुढे असायचं गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ते माहितीपत्रक, आणि अण्णा ते खड्या आवाजात वाचत असायचे. "प्रौढांनी स्वल्प, दिवसातून दोन वेळा स्वल्प, जेवणानंतर एक गोळी घ्यावी पूर्ण."

विरामचिन्हंही मोठ्यानं वाचायची, ही आमच्या कामाची रीत. बंगळूरच्या बसवनगुडीत पूजेच्या सामानाचं एक दुकान आहे, त्याच्यावर दुसऱ्या मजल्यावर आमचं भाषांतराचं छोटं ऑफिस. औषधांची पत्रकं, बिस्किटांची वेष्टनं, मिक्सरच्या पुस्तिका, शाळेची पुस्तकं, सगळं मराठीत आणि कन्नडमध्ये करून द्यायचं. छपाईला जाण्याआधी प्रत्येक कागद दोघांनी मिळून तपासायचा. एकानं छापायची प्रत वाचायची, दुसऱ्यानं मंजूर प्रतीवर पेन्सिल धरून ऐकायचं आणि वाक्य जुळलं की टिक करायची. चुकीचं शुद्धलेखन संगणकाला कळतं. बरोबर शब्द चुकीच्या जागी बसला असेल तर त्याला पत्ता लागत नाही. अण्णा वाचायचे, मी टिक करायचे. सात वर्षं आम्ही हे केलं.

'स्वल्पविराम' हा शब्द पानात पन्नास वेळा म्हणायचा तर दम लागतो, म्हणून त्यांनी तो अर्धा कापला होता. स्वल्प. पूर्ण. प्रश्न. कंस उघड, कंस मिट. आमच्या मॅडम, म्हणजे ऑफिसच्या मालकीणबाई, कन्नड. कन्नडमध्ये स्वल्प म्हणजे थोडं. पहिल्या आठवड्यात त्या आपल्या खोलीतून बाहेर येऊन हसत म्हणाल्या होत्या, हा माणूस दिवसभर थोडं-थोडं काय मागतो आहे?

अण्णांचं खरं नाव मी सांगत नाही. सांगून फारसा उपयोगही नाही, कारण ते कोणी वापरायचंच नाही. बंगळुरात रिक्षावाला अण्णा असतो, भाजीवाला अण्णा असतो, आणि आमचे अण्णाही अण्णाच. निपाणीकडचे. घरात मराठी, शाळेत कन्नड, आणि नोकरीनिमित्त तीस वर्षं या शहरात. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी मला अक्का म्हणायचे. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. ते सन्मानाचं असतं हे कळेपर्यंत दोन वर्षं गेली.

माझ्याबद्दलही दोन शब्द सांगते, कारण पुढं जे झालं त्यात माझा हात आहे. मी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी सर्जापूर रोडच्या एका उंच इमारतीत येऊन पडले आणि तिथं बसून डोकं फिरायला लागलं म्हणून रोज दीड तास बस आणि मेट्रो करत या ऑफिसात येऊ लागले. लिफ्टमध्ये कोणी "माझी हेल्प कर" म्हणालं की मला दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. शब्दाचा अर्थ मला दुसऱ्यानं सांगावा, असं मला कधी वाटलेलं नाही. असल्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. आपल्या जवळपास एक तरी असतेच.

अण्णा लिहायचे ते मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. बोलायचे मात्र सीमेवरचं. "मी जेवण केलो" म्हणायचे. मी म्हणायचे, अण्णा, केलो नाही, केलं. ते शांतपणे म्हणायचे, "तुम्ही केलं असेल, अक्का. मी केलो." सात वर्षांत मी त्यांना यावरून हलवू शकले नाही.

आणि जेवण हा त्यांचा जीव की प्राण होता. भाकरी, काळ्या मसाल्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी, डब्याच्या झाकणात लिंबाची फोड. माझ्या डब्यातली काकडी-कोबी बघून ते म्हणायचे की हे गाईला घाला, पुण्य लागेल. चार वाजता आम्ही कोपऱ्यावरच्या उभ्यानं खायच्या हॉटेलात जायचो. तिथं ते दोन बोटं दाखवून "बाय टू" म्हणायचे. एक कॉफी, दोन पेल्यांत अर्धी-अर्धी. सगळं शहरच असं पितं. पण अर्धी कॉफी संपवायला अण्णांइतका वेळ लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. प्रत्येक घोटानंतर थांबायचे. मी म्हणायचे, चला, पत्रक पडलंय. ते म्हणायचे, "स्वल्प, अक्का," आणि संगमरवरी टेबलावर बोट वाजवायचे.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत ते आणि वहिनी एकदमच आजारी पडले. वहिनी दहा दिवसांत उठून स्वयंपाकाला लागल्या. अण्णा बारा दिवस दवाखान्यात होते, नाकाला नळी लावून. दोन महिन्यांनी ऑफिसात परत आले तेव्हा दारातच आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी तुम्हीही कोणासाठी तरी अशा टाळ्या वाजवल्या असतील. परत आला म्हणजे बरा झाला, अशी आपली सगळ्यांची समजूत होती.

पहिल्याच दिवशी चार वाजता त्यांनी दोन बोटं दाखवली. कॉफी आली. माझी संपली तरी त्यांचा पेला भरलेलाच. मग हात धुवायच्या निमित्तानं बेसिनपाशी गेले आणि पेला ओतून आले. असं आठवडाभर चाललं. शेवटी मी विचारलं, नको असेल तर मागवता कशाला? ते म्हणाले, वेळ झाली की, अक्का. आणि मग जरा ओशाळून म्हणाले की कॉफीला जळक्या टायरचा वास येतोय. कांद्याला येतोय, तुपाला येतोय, खालच्या दुकानातल्या कापराला येतोय. वहिनींना सांगितलं तर त्यांनी नवा मसाला कुटला. त्यालाही तोच वास आला. आणि त्या मसाल्याची आमटी ते नाक मिटून दोन वाट्या जेवले, कारण वहिनी समोर बसल्या होत्या.

वासाचं एक वेळ चाललं असतं. पोटानं मात्र त्यांना कुठलंच ठेवलं नाही. खाल्लेलं एक तर दगडासारखं संध्याकाळपर्यंत तसंच बसायचं, नाही तर पंधरा मिनिटांत पळवायचं. मळमळ, गुबारा, बेंबीभोवती पिळवटून येणारी कळ. दोन जिने चढले की छाती धडधडायची, आणि आमचा संडास होता तळमजल्यावर, दुकानाच्या मागं. त्यांनी आपली खुर्ची खिडकीपाशी होती ती दाराशी आणून ठेवली. कोणी विचारलं तर वारा चांगला येतो म्हणायचे. दाराशी वारा येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

घरापासून ऑफिसपर्यंत कुठंकुठं संडास आहे हे त्यांना पाठ झालं होतं. मेट्रोचं स्टेशन, पेट्रोल पंप, लग्नाचा एक कल्याणमंडप, जिथला वॉचमन ओळखीचा होता. पुढं पुढं त्यांनी साधा उपाय काढला. रात्री जेवायचं नाही, सकाळी काही खायचं नाही, म्हणजे बसमध्ये भीती नाही. मग मनगटावरचं घड्याळ सैल झालं. पूर्णविरामाला तळहात उचलला की ते कोपरापर्यंत घसरायचं आणि ते गुपचूप खाली ओढायचे.

तपासण्या झाल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, दोन्ही बाजूंनी दुर्बिणी घालून झाल्या. रिपोर्ट सगळे स्वच्छ. ती जाडजूड फाइल त्यांनी एकदा माझ्यापुढं ठेवली आणि शेवटच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्याच खड्या आवाजात वाचून दाखवली, "पोस्ट कोविड स्वल्प, गॅस प्रश्न." म्हणजे डॉक्टरांनी 'गॅस'पुढं प्रश्नचिन्ह काढलं होतं. आम्ही दोघं हसलो. मग ते म्हणाले, "इतक्या कागदांत एकही चूक सापडत नाही बघा. आणि बसवत नाही मला."

चूक सापडली नाही की लोक आजार मानत नाहीत. उपाय मात्र प्रत्येकाकडं होता. मी हिंग सांगितलं, खालच्या दुकानदारानं ओवा सांगितला, मॅडमनी ताक सांगितलं, वॉचमननं योगासनं. सगळ्यांना अण्णा "सरी" म्हणायचे, म्हणजे बरं. आणि या शहरात भेटल्यावर 'कसे आहात' असं कोणी विचारत नाही, "ऊटा आयता?" विचारतात, जेवण झालं का? जिन्यात, बसथांब्यावर, फोनवर, दिवसातून वीस वेळा. अण्णा प्रत्येकाला "आयतु" म्हणायचे, झालं. सोळा-सोळा तास पोटात पाण्याशिवाय काही नसलेला माणूस वीस वेळा सांगायचा की झालं.

असं जवळपास दीड वर्ष गेलं. कामावर मात्र ओरखडा उमटू दिला नाही त्यांनी. वाचता वाचता कळ आली तर ते वाक्य मध्येच तोडायचे नाहीत. पुढच्या स्वल्पविरामापर्यंत जायचे. "स्वल्प," म्हणून बोट वाजवायचे आणि उठायचे. भिंत धरत खाली जायचे. मी त्या चिन्हावर पेन्सिलचं टोक टेकवून बसायचे. दहा मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी, घामेजलेले परत यायचे, खुर्चीत बसायचे आणि त्याच चिन्हाच्या पुढून अचूक सुरू करायचे. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. कौतुक वाटण्यासारखं त्यात काय होतं, असं आता वाटतं.

मग औषधांच्या एका मोठ्या कंपनीचं काम आलं. रोज चार पत्रकं. मॅडमनी मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. अण्णांना हे झेपेल का? झेपणार नसेल तर त्यांना शाळेच्या पुस्तकांचं काम घरी देऊ, अर्धा दिवस, बसून, झोपून, जमेल तसं. खुर्ची त्यांचीच राहील. औषधांसाठी दुसरं कोणी बघू. "मी विचारलं तर ते हो म्हणतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारा. तुमच्या भाषेत विचारा."

मी त्याच दिवशी विचारलं. चार वाजता आम्ही जिना उतरत होतो. हॉटेलात ते आता फक्त माझ्यासोबत उभं राहायला यायचे. त्यांचा एक हात कठड्यावर होता. मी म्हणाले, "अण्णा, आता कसं काय?"

"स्वल्प, अक्का," ते म्हणाले, आणि कठड्यावर बोट वाजलं.

स्वल्प. माझा शब्द. संस्कृतातून आलेला, मराठीत रुळलेला, अर्थ माहीत असलेला. स्वल्प म्हणजे अगदी थोडा, किरकोळ. किरकोळ त्रास आहे, असं मी समजले. त्यांना धाप लागली होती, ते मी पाहिलं होतं. मधल्या पायरीवर ते थांबले होते, तेही पाहिलं होतं. पण दुसरं कोणी आणलं असतं तर माझ्यासमोर कोण बसलं असतं, कुठली तरी हळू आवाजात वाचणारी नवी मुलगी, आणि मला अण्णांची सवय झाली होती. मला त्यांनी तिथं बसायला हवं होतं, म्हणून मला हवा तो अर्थ मी घेतला. हे मी त्या वेळी स्वतःला सांगितलं नाही. आज सांगते.

वर गेल्यावर मी मॅडमना इंग्रजीत म्हणाले, "मायनर आहे म्हणतात."

मी भाषांतर करून पोट भरते. आणि एका शब्दाचं भाषांतर मला आलं नाही.

नवं काम सुरू झालं. पहिला आठवडा ठीक गेला. दुसऱ्या आठवड्यात अण्णांनी ओळीखाली पट्टी ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात एकाच ओळीवर दोनदा यायला लागले. वाचता वाचता थांबायचे आणि माझ्याकडं बघायचे, आपण कुठं होतो ते विसरल्यासारखे. मी शब्द सांगायचे. ते मान हलवायचे. खालच्या फेऱ्या वाढल्या. कधी कधी वर आल्यावर तोंडावर पाणी मारलेलं असायचं आणि डोळे लाल असायचे.

त्या गुरुवारी पोटाच्याच एका गोळीचं पत्रक होतं. तिसरं वाक्य लांबलचक होतं. अण्णा पहिल्या स्वल्पविरामावर उठले. अर्धा तास आले नाहीत. आले ते भिंतीचा रंग घेऊन. बसले, पट्टी सरकवली आणि वाचू लागले, दुसऱ्या स्वल्पविरामाच्या पुढून. मधले शब्द राहिले. माझ्या पेन्सिलीखाली ते शब्द होते, मला ते दिसत होते. म्हणायला हवं होतं की अण्णा, मागं या. पण ते पट्टी दोन्ही हातांनी दाबून वाचत होते आणि मला त्यांना पुन्हा थांबवायचं जिवावर आलं. नंतर एकटीनं बघून घेऊ, असं म्हणून मी टिक केली. आणि नंतर विसरले.

त्या राहिलेल्या शब्दांतच चूक होती. मंजूर प्रतीत होतं, 'उपाशीपोटी घेऊ नये'. छापायच्या प्रतीत आलं होतं, 'उपाशीपोटी घ्यावी'. शब्द सगळे बरोबर. कंपनीच्या माणसानं छपाईच्या आधी ते पकडलं, म्हणून कोणाच्या पोटात काही गेलं नाही. पण कागद परत आला, आणि कागदाच्या तळाशी आमच्या दोघांच्या सह्या होत्या.

मॅडमनी आम्हाला समोर उभं करून विचारलं, हे कोणी वाचलं? मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "वाचलो मी." मग तो कागद हातात घेऊन त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात वाचलं. ओठ हलत होते. बोट नाही वाजवलं. त्या माणसाचं आयुष्य उपाशीपोटी चाललं होतं, आणि नेमका तोच शब्द त्यांच्या नजरेतून सुटला होता. टिक माझी होती, ते मी सांगितलं नाही. ते डबा न उघडताच घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

त्या दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं, टिक कोणी केली आणि का केली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, पण तुम्ही तर मायनर म्हणाला होता. मी म्हणाले, तेच म्हणाले होते, स्वल्प म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "स्वल्प एनु?" त्यांनी विचारलं. स्वल्प काय? मग त्या मला लहान मुलीला सांगावं तसं सांगू लागल्या. कन्नड माणसाला विचारलं कसं आहे, आणि तो स्वल्प म्हणाला, तर पुढं विचारायचं असतं, स्वल्प काय? स्वल्प बरं, की स्वल्प त्रास? बरं वाटत नसताना समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस म्हणतो, स्वल्प परवागिल्ला. म्हणजे कसंबसं आहे. म्हणजे बरं नाही. "त्यांचं वाक्य अर्धं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढचं ऐकलंच नाही."

मी अण्णांच्या घरी गेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका उतारावर, दोन खोल्यांचं घर. वहिनींनी दार उघडलं. अण्णा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, शेजारी स्टीलच्या वाटीत गंजी, म्हणजे मीठ घातलेली भाताची पेज. दोन चमचे कमी झाले होते. वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि पदर तोंडाला लावून हळू आवाजात बोलू लागल्या. सगळे रिपोर्ट चांगले आले ना, म्हणून त्या त्यांना म्हणायच्या, उठा, मनाचा खेळ आहे, मीही त्यातूनच उठले की. कालपर्यंत म्हणत होत्या. काल न्हाणीघरात त्यांनी अण्णांच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळी हाडं हाताला लागली. तेव्हापासून त्या त्यांच्याशी नीट बोलू शकल्या नव्हत्या.

मी बाहेर येऊन अण्णांना सगळं सांगून टाकलं. टिक केल्याचं सांगितलं, आणि मायनरचंही. ते ऐकत राहिले. टिक केल्याचं त्यांना काही वाटलं नाही. म्हणाले, वाचणाऱ्यानं वाचायचं असतं. पण दुसरी गोष्ट ऐकल्यावर त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली.

"दीड वर्षात सगळ्यांनी मला काय खाल्लो ते विचारलं," ते म्हणाले. "कसं काय, ते तुम्ही एकट्यांनी विचारलात. मला वाटलं, यांना कळलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

मॅडमनी शाळेच्या पुस्तकांचं काम पाठवलं होतं, ते मी पिशवीतून काढलं. दुसरीचं पुस्तक, मोठी अक्षरं, पानावर चार ओळी. अण्णांनी उशीखालची पट्टी काढली, पहिल्या ओळीखाली ठेवली आणि वाचायला लागले. दुसऱ्या ओळीवर थांबले. परत पहिलीवर आले. मग पट्टी मिटलेल्या पुस्तकावर ठेवून पुस्तक माझ्याकडं दिलं. ओळी हलतात, म्हणाले. हेच काम मी जिन्यात विचारलं तेव्हाच दिलं असतं तर त्यांना ते झेपलं असतं का? मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी प्रश्नचिन्हच काढलं असतं.

त्यानंतर ते गावी गेले, निपाणीकडं, भावाकडं. बंगळूरचं घर सोडलं. जायच्या दिवशी मी बसपाशी गेले होते. वहिनींनी त्यांच्यासाठी दाराजवळची सीट धरली होती आणि ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की यांनी म्हटलं की गाडी थांबवायची. अण्णांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत ती फाइल. मला म्हणाले, नव्या वाचणारीला कंस विसरू देऊ नका. बस हलली तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजावर बोट वाजवलं. आवाज काही ऐकू आला नाही.

मी दर रविवारी सकाळी फोन करायचे. कसं काय, असं कधी विचारलं नाही. "अण्णा, स्वल्प काय?" एवढंच विचारायचे, आणि त्यांना ते आवडायचं. त्या प्रश्नाला ते पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे. स्वल्प भात गेला. स्वल्प झोप लागली. स्वल्प उन्हात बसलो. एकदा म्हणाले, "आज जेवण केलो, अक्का," आणि मी दुरुस्त करेन म्हणून ते थांबले. मी म्हणाले, बरं केलोत. ते हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला.

इकडं त्यांच्या खुर्चीत खरंच एक नवी मुलगी बसते. हुशार आहे. आवाज जरा बारीक आहे, पण कंस विसरत नाही. ती 'स्वल्पविराम' पूर्ण म्हणते. मी तिला कापायला सांगितलेलं नाही.

फोन हळूहळू छोटे होत गेले. मग वहिनी फोन त्यांच्या कानाशी धरू लागल्या. मागच्या महिन्यातल्या एका रविवारी मी ऑफिसात एकटीच होते, अडकलेलं एक पत्रक घेऊन बसले होते. तिथूनच फोन लावला. पलीकडं श्वास ऐकू आला.

"अण्णा, स्वल्प काय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज स्वल्पसुद्धा नाही, अक्का."

वहिनींनी फोन घेतला आणि ठेवून दिला. सोमवारी मॅडमनी विचारलं, कसे आहेत? मी अण्णांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, इंग्रजी केलं नाही. त्यांनी मान खाली घातली. त्यानंतरच्या रविवारी फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. त्याच्या पुढच्याही. मी अजून लावते. समोर कोरा कागद असतो, आणि ते खाली गेले की थांबायचे तशी, त्यावर पेन्सिलचं टोक टेकवून मी बसलेली असते.